थर्मोकोलचा ज्वालामुखी राहू द्या, कौलांवरचा पाऊस मोजा

सप्रेम नमस्कार,
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. बीआरसीतून, म्हणजे गट साधन केंद्रातून, फोन आला की जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागातल्या बारा विज्ञान शिक्षकांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग आहे आणि आरपी, म्हणजे ट्रेनिंग देणारी म्हणून मीच उभं राहायचं. विषय: पर्यावरणाची आकडेवारी आणि मॉडेलिंग. हातात पडलेली पीपीटी ऐंशी स्लाईडची, अर्धी कन्नड, अर्धी इंग्रजी, शेवटी नेटलोगो नावाचं सॉफ्टवेअर. चालू कॉम्प्युटर चार, आणि लाईट पावसाच्या मर्जीवर. समोर बसणाऱ्यांत मला सातवीला शिकवलेले एक गुरुजी आहेत. दुसरे एक सर आत्ताच म्हणाले, "पोर्शन संपत नाही, त्यात तुमचं मॉडेल कुठं बसवू?" मॉडेल म्हटलं की आमच्याकडं सगळ्यांना प्रदर्शनातला थर्मोकोलचा ज्वालामुखी आठवतो. खरं सांगायचं तर मलाही. कुठून सुरुवात करू?
– एक शिक्षिका (नाव छापू नये)

बाई, नमस्कार.

ती ऐंशी स्लाईडची पीपीटी पेनड्राईव्हवरच राहू द्या. कुणी साहेब भेटीला आले तर उघडून दाखवता येईल. पहिल्या दिवशी पडदा मात्र लावू नका. खिडक्या बंद करून शिक्षकांना अंधारात बसवलं की अर्ध्या तासात मोबाईल बाहेर येतात, आणि मग लक्ष वेधायला आवाज चढवावा लागतो. आपल्याच गुरुजींपुढं ती वेळ कशाला आणायची?

थर्मोकोलच्या ज्वालामुखीला काही विचारता येत नाही, एवढीच त्याची अडचण. तुम्हाला हवं ते मॉडेल असं की त्याला प्रश्न विचारला तर ते आकडा सांगेल, आणि तो आकडा चुकला तर आपल्याला कळेल. बारा जणांनी दोन दिवसांत स्वतःच्या हातानं असा एक अंदाज बांधला, मोजून तो खोटा ठरवला आणि दुरुस्त केला, तर तुमचं ट्रेनिंग झालं. बाकी सगळं वरची शोभा.

सुरुवात छपरापासून करा. चहानंतर सगळ्यांना शाळेच्या एका वळचणीखाली उभं करा आणि विचारा: दहा मिलिमीटर पाऊस पडला तर या बाजूच्या कौलांवरून किती लिटर पाणी खाली येईल? प्रत्येकानं आकडा चिठ्ठीवर लिहून घडी करून द्यायचा, एकमेकांत बोलायचं नाही. कुणी पन्नास लिहील, कुणी पाच हजार. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे तुमच्या बाराही जणांना पाठ असणार; पण ते आपल्याच कौलांना लावून पाहायची वेळ कधी आलेली नसते. मग टेप द्या आणि गंमत बघा. काही जण कौलांची उतरती लांबी मोजायला धावतील. त्यांना अडवू नका. दोघांचे हिशेब वेगळे आले की वाद होईल, आणि थोड्या वेळानं कुणीतरी म्हणेलच की पाऊस वरून पडतो, तेव्हा छपरानं झाकलेली जमीन मोजायची, उतार नव्हे. ती बारा मीटर लांब आणि चार मीटर रुंद निघाली तर ४८ चौरस मीटर, म्हणजे दहा मिलिमीटरला ४८० लिटर. दोनशे लिटरचं पिंप चार मिलिमीटरच्या थोडं वर पाऊस झाला की भरायला हवं.

हे पहिलं मॉडेल: क्षेत्रफळ गुणिले पाऊस. आता ते मोडायचं. जुलैत कोरडी कौलं कुठली मिळणार, म्हणून चार-पाच जुनी कौलं आधीच वर्गात आणून सुकवून ठेवा. ती टबावर तिरकी लावा, झारीनं मोजून एक लिटर पाणी घाला आणि टबात आलेलं पाणी मोजा. लिटरभर येणार नाही. लगेच पुन्हा एक लिटर घाला. आता आधीपेक्षा जास्त येईल, कारण कौल भिजलंय. पाऊस तेवढाच, कौलं तीच, उत्तर वेगळं. तुमचे शिक्षक इथं आपोआप म्हणतील की गुणाकारात काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते तुम्ही सांगायचं नाही. विचारायचं फक्त "कशावरून?" एवढंच.

ही पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ॲरिझोनात माल्कम वेल्स नावाचा हायस्कूलचा भौतिकशास्त्राचा शिक्षक आणि तिथल्या विद्यापीठातले डेव्हिड हेस्टेनिस यांनी मिळून ती उभी केली. त्यांच्या कार्यशाळांत शिक्षक आधी विद्यार्थी होऊन बसतात, विद्यार्थ्याच्या चुका करतात, छोट्या पांढऱ्या फळ्यांवर गटानं आपलं म्हणणं मांडतात आणि इतर गट त्यावर प्रश्न विचारतात. शिक्षक म्हणून विचार करायचा तो नंतर. तुम्हाला पांढऱ्या फळ्या लागणार नाहीत. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू आणि स्केचपेन पुरे. पण "आधी विद्यार्थी" हा क्रम सोडू नका. आपल्या ट्रेनिंगांत हा क्रम उलटा असतो. पहिल्याच तासाला "मुलांना हे कसं शिकवाल?" असं विचारतात, आणि शिक्षक स्वतः काही न शिकता पाठाचं टाचण काढून मोकळे होतात.

कौलांवरून शिवारात या. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या भातात घुसतं हे तुमच्याकडच्या सगळ्यांनी पेपरात वाचलेलं असतं, काहींची सोयरीकही तिकडची असेल. प्रश्न असा: मृगात पन्नास मिलिमीटर पडला तरी नाला गप्प, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेवढ्याच पावसाला पाणी बांधावर, असं का? यासाठी फरशीवर खडूनं एक मोठं वर्तुळ काढा आणि चिंचोके आणा. एक चिंचोका म्हणजे दोन मिलिमीटर पाणी. वर्तुळ म्हणजे जमीन. तिच्यात शंभर मिलिमीटर, म्हणजे पन्नास चिंचोके मावतात असं धरा. दररोज उन्हानं आणि पिकानं चार मिलिमीटर जातं, म्हणजे दोन चिंचोके उचलायचे. पन्नासवर उरलेले चिंचोके वर्तुळाबाहेर, नाल्यात.

समजा सुरुवातीला जमिनीत चाळीस मिलिमीटर ओल आहे आणि सलग तीन दिवस रोज पन्नास मिलिमीटर पाऊस पडला. पहिल्या दिवशी चाळीस अधिक पन्नास वजा चार, शहाऐंशी. नाल्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी हिशेब १३२ वर जातो, शंभर जमिनीत राहतात, ३२ नाल्यात. तिसऱ्या दिवशी ४६ नाल्यात. तीन दिवस अगदी सारखा पाऊस, आणि वाहिलेलं पाणी शून्य, बत्तीस, सेहेचाळीस. हे फळ्यावर लिहून दाखवलं तर माना डोलतात. शिक्षकांनी स्वतः उकिडवं बसून चिंचोके सरकवले की मात्र भांडणं सुरू होतात: शंभरच का, लाल मातीत एवढं मावेल का, ऊस असेल तर चारच का, ढगाळ दिवशी चार कसे? ही भांडणं थांबवू नका, लिहून घ्या. मॉडेलिंग शिकवायचं ते यालाच म्हणतात. प्रत्येक शंकेसाठी एक आकडा बदलायचा, बाकी सगळं तसंच ठेवून हिशेब पुन्हा करायचा आणि किती फरक पडला ते पाहायचं. जो आकडा बदलून फारसा फरक पडत नाही त्यावर वेळ घालवायचा नाही, हेही त्यांना तिथंच कळेल.

आता आकडेवारी. लांबच्या आकड्यांनी सुरुवात नको. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साईड मोजतात, तेव्हा तो दहा लाखात ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे. हा आलेख नववी-दहावीला जरूर दाखवा. पण ज्यानं स्वतः एकही आकडा मोजलेला नाही त्याला दुसऱ्याच्या आकड्यात शंका काय काढायची हेच कळत नाही. म्हणून प्रत्येक शाळेत एक पावसाची बाटली. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवा, बुडाच्या खोलगट भागात बारीक खडी घालून खुणेपर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्य धरा. तिथून वर फुटपट्टी चिकटवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल तिच्या दुप्पट अंतरावर ती ठेवा. आणि वेळ एकच हवी. हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा दिवस धरतं. तुमची शाळा तेव्हा उघडलेली नसते. बिसीयूटच्या, म्हणजे दुपारचं जेवण शिजवणाऱ्या मावशी लवकर येत असतील तर त्यांना दाखवून ठेवा, नाहीतर प्रार्थनेची वेळ ठरवा आणि वहीवर ती वेळ लिहा. वेळ कुठली हे फार महत्त्वाचं नाही, रोज बदलू नये हे महत्त्वाचं.

इथं जरा कडू बोलतो. आपल्याकडं रजिस्टर कोरं दिसलं की भरून टाकायची सवय आहे. हजेरीत, वजन-उंचीत, स्वच्छतेच्या तक्त्यात, सगळीकडं. ती सवय पावसाच्या वहीत शिरली तर वर्षभराची मेहनत पाण्यात. म्हणून पहिल्या दिवशीच नियम घाला: पाहिलं आणि पाऊस नव्हता तर शून्य, पाहिलंच नाही तर आडवी रेघ. सोमवारी बाटलीत रविवारचंही पाणी असतं, तर ते "दोन दिवसांचं" असं लिहायचं, अर्धं-अर्धं वाटायचं नाही. वहीत रेघा दिसल्या म्हणून कुणी शिक्षकाला बोलणार नाही, हा शब्द तुमच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या सीआरपी सरांकडून सगळ्यांसमोर घ्या. रेघा असलेली वही मला जास्त खरी वाटते.

तुलनेला दुसरा आकडा गावातच आहे. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्रानं ग्रामपंचायत पातळीवर आपोआप नोंद पाठवणारी पर्जन्यमापकं बसवली आहेत. पंचायतीत विचारा, आणि त्याच दिवसांचा आकडा तुमच्या बाटलीशेजारी लिहा. दोन्ही जुळणार नाहीत. तुमच्या घाटाकडच्या भागात एका डोंगराआड पाऊस आणि पलीकडं उघडीप हे नेहमीचंच. फरक बाटलीचा, वेळेचा, की खरोखर पावसाचा, यावर मुलांना बोलू द्या. तुमच्या तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढं सौंदत्तीच्या कोरड्या मुलखात जाते. त्या वाटेवरच्या दोन-तीन शाळांनी आकडे एकमेकांना पाठवले तर एका नदीवरचा पाऊस कसा आटत जातो ते आलेखात दिसेल. अथणी-रायबागकडं एखादी ओळखीची शिक्षिका असेल तर तिलाही घ्या. तिथल्या पोरांना डोक्यावर ऊन असताना कृष्णेला पूर आलेला दिसतो, कारण पाणी पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगेवरून आलेलं असतं. त्यांचा प्रश्न तुमच्या मुलांच्या प्रश्नाच्या बरोबर उलटा आहे.

तुमच्या गुरुजींची काळजी नको. उलट दुसऱ्या दिवसाची सुरुवात त्यांच्यापासूनच करा. ट्रेनिंग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, तरणा पाऊस चालू असेल. वीस तारखेच्या सुमारास पुष्य लागलं की म्हातारा. त्यांना नम्रपणे विचारा, "गुरुजी, तरणा जास्त पडतो की म्हातारा?" ते ठामपणे काहीतरी सांगतील, आणि दुसरं कुणीतरी तितक्याच ठामपणे उलट सांगेल. तालुक्याच्या तहसील कचेरीत पावसाची जुनी नोंद असते. दहा वर्षांचे रोजचे आकडे मिळवा, नक्षत्राच्या तारखांनुसार बेरजा करा आणि दहा वर्षांत किती वेळा कोण जिंकलं ते मोजा. नक्षत्रांना हसायचं नाही, पूजाही करायची नाही. शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला अंदाज आहे, तो तपासायचा. गुरुजी बरोबर निघाले तर उत्तमच. चुकले तरी सगळ्यांत आधी बेरजा तपासायला तेच बसतील, असा माझा होरा आहे.

आता त्या नेटलोगोकडं. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये ते काढलं, फुकट मिळतं आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. त्यातल्या तयार मॉडेलांपैकी तुमच्यासाठी एकच निवडा: वणव्याचं. भीमगड अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगराला लागलेली आग तुमच्या मुलांनी रात्री लांबून पाहिलेली असते. पण कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी हेच कागदावर खेळा. दोघांत एक आलेख कागद, बारा बाय बारा चौकटी, एक फासा. निम्म्या जोड्यांचा नियम: एक, दोन, तीन पडलं तर त्या चौकटीत झाड. उरलेल्यांचा: एक ते चार पडलं तर झाड. म्हणजे एकीकडं अर्ध्या चौकटीत झाडं, दुसरीकडं दोन तृतीयांश. मग डाव्या कडेच्या सगळ्या झाडांना आग लावायची. आग वर-खाली आणि डावी-उजवीकडंच पसरते, तिरकी नाही.

रंगवायच्या आधी प्रत्येकाकडून लिहून घ्या: किती टक्के झाडं जळतील? बहुतेक जण "झाडं थोडी जास्त, तर जळणारही थोडी जास्त" अशा सरळ हिशेबानं लिहितात. लाल पेन्सिल चालायला लागली की एका गटाची आग बहुतेक वेळा उजवी कड गाठायच्या आधीच विझते आणि दुसऱ्या गटाची जवळजवळ सगळा कागद खाऊन उजवीकडं पोचते. मधे कुठंतरी उंबरठा आहे. तो नेमका कुठं, हे फाशानं शोधायला महिना लागेल. इथं कॉम्प्युटरची गरज लागते आणि इथंच तो उघडायचा. चार मशिनवर तीन-तीन जण, दाटी ५० पासून एकेक टक्का वाढवत जायची. ५९ टक्क्यांच्या आसपास चित्र एकदम पालटतं. लाईट गेली तरी बिघडत नाही, कागद आहेतच.

नंतर विचारा की यात आपल्या डोंगरातलं काय नाही. वारा नाही, चढ नाही, वाळलेलं गवत नाही, ओलसर ओढ्याकाठ नाही. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे पट्टे काढतं. एक उभी ओळ खोडून पाहा, आग थांबते का. त्या ओळीत दोन-तीन झाडं राहिली तर काय होतं? आठवीची पोरं यावर तासभर भांडतील आणि त्यांना कुणी "प्रकल्प" म्हणून सांगावंही लागणार नाही.

एक प्रश्न ट्रेनिंगमध्ये येणार म्हणजे येणारच: "मग सांगा, अलमट्टीमुळं सांगलीला पूर येतो की नाही?" धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ करायचा प्रस्ताव, २००५ आणि २०१९ चे पूर, सगळं बाहेर निघेल, आणि सीमाभागात हा विषय पाण्यापुरता राहत नाही. तुम्ही बाजू घेऊ नका आणि विषय उडवूही नका. चिंचोक्यांच्या वर्तुळाकडं बोट दाखवा. यात नदीचा उतार आहे का? पात्राची रुंदी? वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी किती तासांनी पोचतं ते? नाही. मग हे मॉडेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही, आणि देऊ शकेल अशा मॉडेलला काय-काय लागेल त्याची यादी फळ्यावर करा. ती यादी करता येणं हेही शिक्षकाच्या हातात पडलेलं मोठं काम आहे. चर्चा यादीच्या पलीकडं जायला लागली तर जेवायची सुट्टी द्या.

पोर्शनवाल्या सरांना वेगळा तास मागू नका. पाऊस वाचायला प्रार्थनेनंतर पाच मिनिटं लागतात. आलेख गणितात आहेच, तिथली उदाहरणं बदलून आपल्या बाटलीचे आकडे घालायचे. बाष्पीभवन, पाणी, माती हे धडे जेव्हा येतील तेव्हा चिंचोके काढायचे. त्यांना सगळं करायला लावू नका. वर्षभरात एक बाटली आणि एक खेळ केला तरी पुष्कळ. आणि शिक्षकांच्या दर महिन्याच्या समालोचना सभेत अहवाल मागू नका, अहवाल लिहिता सगळ्यांना येतो. प्रत्येकानं एक आलेख आणायचा आणि शेजाऱ्यानं त्यावर एक प्रश्न विचारायचा, बस्स.

पीपीटीचं मराठी भाषांतर करत रात्री जागवू नका. तुमच्या शिक्षकांना कन्नड वाचता येतं, आणि स्लाईडमध्ये त्यांना हवं असलेलं फारसं काही नाही. मात्र पावसाच्या वहीतले रकाने मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. तपासणीला आलेल्या साहेबांना वही वाचता आली तर ते ती पुढच्या शाळेत दाखवतील, आणि पंचायतीतून आकडे मागतानाही तोच तक्ता पुढं करता येईल.

नेटलोगो आधीच घरी उतरवून चारही मशिनवर घालून, एकदा चालवून ठेवा. फासे बाजारातून डझनभर आणा, लुडोचे चालतात. दुसऱ्या दिवशी गटांची मांडणी जेवणाआधी उरका. तीननंतर कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांचं लक्ष बसकडं असतं, आणि पावसात ती बस चुकली तर दुसरी कधी येईल ते कुठलंच मॉडेल सांगत नाही.